शीग लावून एक वाटी

आमच्या झाडीपट्टीतल्या आठवडी बाजारात, तो मूलचा असो, नागभीडचा असो की आरमोरीचा, दोन राज्यं शेजारी शेजारी नांदतात. एक काट्याचं, दुसरं डब्याचं. काट्याच्या राज्यात कांदे, बटाटे, साखर, गूळ. तिथे लाल आकडे पळत असतात आणि ते थांबायच्या आत दुकानदार "झालं जी एक किलो" म्हणून माल पिशवीत ओतून मोकळा होतो. डब्याच्या राज्यात मोहफुलं, जवस, लाखोरी, घरच्या बांधीतला उरलासुरला तांदूळ. तिथे मांडी घालून बसलेल्या बाईसमोर डालड्याचा जुना डबा नाहीतर काठ झिजलेली पायली असते. बाई डबा भरते, हाताने वरून थापटते, आणि मग मुठीमुठीने वर ओतत जाते, दाणे चहूबाजूंनी घरंगळायला लागेपर्यंत. ही वरची टोपी म्हणजे शीग. शीग लागली की माप झालं. त्याआधी डबा भरला असं आमच्याकडे कोणी मानत नाही.

दिल्लीने ही भानगड मिटवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो गावोगाव पोचला आणि १९६२पर्यंत शेर, मण, छटाक कागदोपत्री निवृत्त झाले. पुढे २००९ साली वैधमापनशास्त्राचा नवा कायदा आला. लोखंडी वजनांवर शिक्के बसले, काट्यांची तपासणी होऊ लागली. डब्याला मात्र कोणी शिक्का मारला नाही, कारण डबा हे माप आहे हे कायद्याला ठाऊकच नाही.

निवृत्त झालेला मण ३७ किलो ३२४ ग्रॅमचा होता, कारण त्यातला प्रत्येक शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. आता आधारभूत खरेदी केंद्रावर धान ४० किलोच्या कट्ट्याने मोजून घेतात. ४० शेरांचा मण गेला, ४० किलोंचा कट्टा आला. सरकारच्या लेखी दशमान पद्धत आली, शेतकऱ्याच्या लेखी मणाचं वजन वाढलं. आणि हाच शेतकरी केंद्रावर क्विंटलची पावती घेऊन घरी आला, की पारावरचा म्हातारा त्याला विचारतो, "यंदा किती खंडी झाले?"

खंडी म्हणजे वीस कुडव, म्हणजे आमच्या बोलीत वीस कुडो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. दुसऱ्या टोकाला दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली, हे जुन्या लोकांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. वाद मधल्या पुलावर आहे. पायलीपासून कुडोपर्यंत जाताना गावागणिक वेगळा टोल द्यावा लागतो. त्यातून शेर दोन: एक तराजूत बसणारा आणि एक मापात बसणारा. दोघांचं नाव एक, घर वेगळं. सोयरीक करताना जशी "कोनते म्हने ते? मोठ्या वाड्यातले का?" अशी चौकशी करावी लागते, तशी शेराचीही करावी लागे.

ज्यांना हे सगळं फार गमतीचं वाटतं त्यांच्यासाठी एक कडू घोट. सावकाराकडे दोन पायल्या असत, एक देण्याची आणि एक घेण्याची, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. पावसाळ्यात धान उसनं न्यायचं ते लहान पायलीने, आणि दिवाळीनंतर दिढीने परत करायचं ते मोठ्या पायलीने. गडचिरोलीच्या जंगलात तर मापभर चारोळी घ्यायची आणि मापभर मीठ द्यायचं, असा व्यापार चाले. माप तेच, शीगही तीच, अगदी काटेकोर न्याय. गंमत म्हणजे तराजूत घातलं असतं तर मिठाचंच पारडं खाली गेलं असतं. मीठ चारोळीपेक्षा कितीतरी जड. वजनाने पाहिलं तर व्यापारी दानशूर ठरला असता. तेव्हा किलो आला म्हणजे लबाडी गेली आणि डबा होता म्हणजे लबाडी होती, असं सरळ गणित मांडता येत नाही.

हे झालं धान्याचं. धान्य तसं सरळमार्गी असतं. लिटरभर तांदूळ आज मोजा, उद्या मोजा, आठशे ग्रॅमच्या आसपास भरणार. तुम्ही डबा आपटलात तर दाणे थोडे खाली बसतील, पण फार नाही. पिठाची जात निराळी. पीठ विकत घेताना आपण बरीचशी हवा विकत घेतो, आणि ती किती घेतली हे आपल्या हातावर ठरतं. २५० मिलीचा कप घ्या. त्यात मैदा चमच्याने भुरभुरत घातला आणि वरून सारखा केला, तर साधारण सव्वाशे-एकशे तीस ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून, डब्याच्या भिंतीशी दाबून काढला तर दीडशेच्या पुढे जातो. त्याच कपात रवा पावणेदोनशेपर्यंत भरेल, आणि पाणी बरोबर अडीचशे. लिटर आणि किलो यांचं काय जमलं असेल ते पाण्याशीच. तेलाशीसुद्धा जमलं नाही. लिटरच्या तेलपिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही म्हणून घरात शांतता आहे.

पिठाच्या या स्वभावाचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होत असेल तर तो चक्कीवाल्याला. तेलाचा पंधरा किलोंचा रिकामा टिन हे आमच्याकडे दळणाचं राष्ट्रीय भांडं. त्यात काठोकाठ गहू भरला तर बारा-साडेबारा किलो बसतो. त्याच टिनात चक्कीतून निघालेली गरम, फुगलेली कणीक नऊ किलोच्या आसपास जाऊन काठाशी येते. म्हणजे जो टिन भरून गहू नेला, त्या टिनात आपलंच पीठ परत बसत नाही. नवीन लग्न झालेली सून पहिल्यांदा चक्कीवर जाते तेव्हा तिला हे ठाऊक नसतं. चक्कीवाला विचारतो, "दुसरा डबा आनला का, बाई?" तिला वाटतं आपल्याला जास्तीचं मिळालं. ती खुशीत घरी येते. सासू टिन उचलून पाहते आणि म्हणते, "कमी भरलं."

दोघींचंही खरं असतं. दळताना थोडं पीठ उडतं, थोडं चक्कीच्या पोटात राहतं, दगडाच्या घर्षणाने तापून थोडा ओलावा निघून जातो. म्हणजे वजन घटतं. आकार मात्र वाढतो. एकाच वस्तूचं एकाच वेळी वाढणं आणि घटणं, हे पंचायत समितीच्या निधीनंतर मी फक्त पिठातच पाहिलं आहे. चक्कीवाल्याने यावर एक तोडगा काढलेला असतो. पीठ पडत असताना तो टिनाच्या कुशीत लाकडी ठोकळ्याने ठोकत राहतो. ठोकून ठोकून अकरा किलोंच्या पुढे पीठ त्याच टिनात बसतं. बाहेर ओट्यावर बसलेल्या बायका कान देऊन ते ठोके ऐकत असतात. ठोके कमी पडले तर पीठ फुगलेलं, आणि फुगलेलं दिसलं की त्यांचा विश्वास बसत नाही. ठोके जास्त पडले तर आपलं कुठे मुरवलं, ही शंका. शेवटी चक्कीवाला काट्याकडे बोट दाखवतो. काट्यावर धूळ बसलेली असते आणि काट्याला बायका आयत्या वेळी मानत नाहीत.

त्यात वीज जाते. निम्मं दळण खाली पडलेलं, निम्मं चक्कीच्या घशात. मागच्या बाईची ज्वारी, पुढच्या बाईचा गहू आणि मधे आपले तांदूळ अशी सर्वपक्षीय आघाडी आत तयार होते. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. राख आमच्याकडे पडते आणि उजेड दूरवर जातो, ही तक्रार जुनी आहे. पण ओट्यावर बसलेल्या बाईला तेव्हा मेगावॉटशी देणंघेणं नसतं. तिला एवढंच विचारायचं असतं की आत अडकलेलं पीठ नेमकं कोणाचं, आणि किती.

आता घरात येऊ. घरात कृती वाचून स्वयंपाक करणाऱ्यांची नवी पिढी आली आहे, आणि कृती मोबाइलवरून येते. एक सांगते "दोन कप मैदा", दुसरी सांगते "२५० ग्रॅम". कप म्हणजे कोणता हे पहिलीने सांगितलेलं नसतं. अमेरिकेचा कप २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा, जपानचा २००चा. आणि आमच्याकडचा कप म्हणजे लग्नात आलेल्या सहा कपांपैकी जे दोन उरले त्यांतला कान तुटलेला. चहाला तो पाहुण्यांसमोर नेता येत नाही, म्हणून त्याची पिठाच्या खात्यात बदली झाली. बदली शिक्षा म्हणून झाली की बढती म्हणून, हे आमच्या जिल्ह्यांत कोणाला विचारायचं नसतं.

कपापेक्षा वाटीचा मामला गंभीर आहे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिलं तेव्हा तराजू न शोधता वाटी-चमच्याने मापं दिली, आणि महाराष्ट्रातल्या किती सुनांची अब्रू वाचली याची गणती नाही. पण कोणती वाटी, याचा निकाल लावणं कमलाबाईंच्याही हातात नव्हतं. आमच्या घरात वाट्या आहेराने येतात. प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख टोचलेली असते. देणारा जेवढा जवळचा, तेवढी वाटी मोठी, असंही नाही, कित्येकदा उलटंच. त्या डझनभर वाट्यांतून एकच वाटी, का कुणास ठाऊक, पिठाच्या डब्यात मुक्कामाला जाते. बाकीच्या वरणाला, भाजीला, नैवेद्याला लागतात. ही मात्र डब्यातून बाहेर येत नाही. घरातली प्रत्येक कृती त्या एका वाटीत मोजली जाते. आमच्या घराण्यातल्या थोरल्या मोठ्याईच्या घरी ती मामाजींच्या लग्नातली आहे.

पॅरिसजवळ सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल काचेच्या झाकणांखाली ठेवलेला आहे. १८८९पासून जगातला किलो म्हणजे तो दंडगोल. त्याच्या प्रती देशोदेशी वाटल्या. भारताची ५७ नंबरची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण शंभर वर्षांत मूळ आणि प्रती यांच्यात मायक्रोग्रॅमांचा फरक पडत गेला, शास्त्रज्ञ अस्वस्थ झाले, आणि २० मे २०१९ला त्या दंडगोलाला निवृत्त करून किलो प्लांकच्या स्थिरांकाला बांधला. मामाजींच्या लग्नातल्या वाटीलाही दोन पोचे पडले आहेत. एक नातवाने ताशा वाजवला तेव्हाचा, दुसऱ्याची चौकशी करू नये. तेव्हापासून मोठ्याईच्या घरी वाटीभर पीठ थोडं कमी असतं. पण मोठ्याईने कोणाची बैठक बोलावली नाही. तिने शीग थोडी वाढवली आणि स्थिरांक कायम ठेवला.

शिगेच्या बाबतीत अमेरिका आणि झाडीपट्टी यांचं मुळातच जमत नाही. बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मरबाईंनी १८९६ साली जे जाडजूड पाकपुस्तक काढलं, त्यात सांगितलं की माप म्हणजे काठाबरोबरचं माप. कप भरा आणि वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट कापून टाका. शिस्तीच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे तिकडचे केक एका घरात आणि दुसऱ्या घरात सारखे फुगू लागले. पण आमच्या बाजारात कोणी डबा भरून वरचं सुरीने कापू लागलं, तर गिऱ्हाईक पिशवी झटकून पुढच्या पालावर जाईल. शेजारणीला वाटीभर साखर उसनी देताना काठाबरोबर दिली, तर ती साखर न देण्यापेक्षा वाईट. काठापर्यंतचं माप हा व्यवहार. त्याच्या वरचं जे घरंगळतं त्यात ओळख, नातं, मागच्या वेळचं देणं, पुढच्या वेळची आशा असं सगळं असतं. त्याचे ग्रॅम करायला गेलं की घोटाळा सुरू होतो, आणि मोबाइलवरची कृती नेमकं तेच करायला सांगते.

शिवाय आपण सुनेला पहिला धडा काय देतो? ती उंबऱ्यावर येते, दारात तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं असतं, आणि ते तिने पायाने लवंडायचं असतं. सगळे टाळ्या वाजवतात. यानंतर ती आयुष्यभर मोजूनमापून स्वयंपाक करेल, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने ठेवायची?

वेळेचीही हीच गत. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात काही निराळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांतून वर्षानुवर्षं निवड करत एक बारीक वाण उभं केलं. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्याने त्या वाणाला घड्याळाचंच नाव दिलं. तांदळाला घड्याळाचं नाव देणारा आमचा बहुधा एकुलता एक मुलूख असेल. आणि त्या मुलखात भात घड्याळ पाहून शिजवणारा माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधावा लागेल. इथे शिट्या मोजतात, आणि शिटी मोजताना शेजारच्या घरचीही एखादी मोजली जाते.

तर अशा या मुलखात, ऐन मे महिन्यात, मोठ्याईचा पुण्याचा भाचा आपला डिजिटल काटा घेऊन आला. तो घरी पाव भाजतो. पाव म्हणजे बेकरीतला मऊ पाव नव्हे. आंबवलेला, कडक कवचाचा, कापायला करवत लागेल असा. त्याच्याजवळ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा होता, थर्मामीटर होतं आणि बरणीत आंबवण होतं, त्याला त्याने नावही ठेवलं होतं. मोठ्याई त्या बरणीकडे थोडा वेळ बघत राहिली. तिच्या घरी आंबिलीचं आंबवण तिच्या सासूच्या काळापासून चालत आलेलं आहे, पण त्याचं बारसं करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"मोठ्याई, पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. सत्तर टक्के. बस. यात अंदाज नाहीच."

"पानी बी तोलून घेते का रे बाबू?"

"हो. वाटीचा भरवसा नाही, वजनाचा आहे."

वाटीबद्दलचा त्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण वजनाचाही भरवसा किती, हे त्याला अजून कळायचं होतं. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या वर होता. पिठात एरवी बारा-चौदा टक्के पाणी असतंच. ते दिसत नाही, पण काट्यावर ते पीठ म्हणूनच तोललं जातं. मे महिन्यातल्या चंद्रपुरात त्यातलं दोन-तीन टक्के उडून गेलेलं असतं. म्हणजे मे महिन्यातल्या पाचशे ग्रॅम पिठात खरं पीठ जास्त, आणि ऑगस्टमधल्या पाचशे ग्रॅममध्ये पावसाचाही थोडा वाटा. एवढ्या पिठामागे एकदोन मोठे चमचे पाण्याचा फरक सहज पडतो. भाच्याचा गोळा दगडासारखा झाला. त्याने काटा पुन्हा तपासला. काटा बरोबर होता. पुस्तक पाहिलं. पुस्तकही बरोबर होतं.

मोठ्याईने परातीशी येऊन गोळ्यात बोट खुपसलं, पाण्याचा तांब्या ओढला आणि हाताने शिंतोडे मारत मळायला लागली.

"किती घालतेस? थांब, मोजू दे!"

"ज्यानं हे पुस्तक लिहिलं ना, त्याले पुस, मे महिन्यात चांद्याले आला होता का म्हनावं."

लोक ज्याला अंदाज म्हणून हसण्यावारी नेतात, त्याची रीत मला त्या दिवशी परातीशी उभं राहून दिसली. भाचा पीठ आणि पाणी दोन्ही आधी ठरवून टाकतो आणि मग जे होईल ते भोगतो. मोठ्याई पीठ ठरवते, पाणी ठरवत नाही. पाणी किती हे तिला गोळा सांगतो: बोटाला चिकटतो का, अंगठ्याचा ठसा धरतो का, काठाला चिरतो का. त्यामुळे तिची वाटी पोचलेली असली, पीठ ठोकलेलं असलं की फुगलेलं, वैशाख असो की श्रावण, शेवटी भाकर तीच होते. मापातली सगळी चूक ती पाण्यात जिरवते. हे शास्त्रच आहे, फक्त त्यात आकडे लिहायला जागा ठेवलेली नाही.

अर्थात मोठ्याईचा हिशेब नेहमीच बोटांवर नसतो. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते. त्या दिवशी गावात दिवसा शंकरपट असतो आणि रात्रभर वडशाच्या कंपनीचं नाटक. झाडीपट्टीत नाटक पाहायला एकटा माणूस येत नाही, गोतावळा येतो. कोणी कळवत नाही. कळवलं तरी जेवढे कळवले तेवढे येत नाहीत, जास्तच येतात. सकाळी दहाला घरात पाच माणसं असतात आणि रात्री आठला पंगतीच्या पंगती बसतात. अशा दिवशी कणीक किती भिजवायची? इथे ग्रॅमही कामाचा नाही आणि वाटीही नाही.

मोठ्याई त्या दिवशी ओसरीत बसून मोटारसायकली मोजते.

मोटारसायकल हे त्या दिवसाचं एकक. एका गाडीवर तीन माणसं, टाकीवर बसवलेलं पोर धरून साडेतीन. पाहुणा सासुरवाडीचा असेल तर तो लाजून कमी खातो, भाऊबंद असेल तर लाजत नाही. ब्रह्मपुरीकडची गाडी असेल तर तिच्यामागे आणखी एक येणार हे धरूनच चालायचं, ती नेहमी जोडीनेच निघते. नाटक तीन अंकी असेल तर मध्यरात्रीनंतर पुन्हा भूक लागणार, त्याची वेगळी भर. एवढं सगळं मनात झाल्यावर ती आतल्या सुनेला एकच वाक्य सांगते, "टिनाच्या अर्ध्याच्या वर चार बोटं कनिक काढजो."

पुऱ्या संपत नाहीत आणि उरत नाहीत. उरल्याच तर सकाळी चहासोबत. या हिशेबात गाडीवरून माणूस, माणसावरून पुरी, पुरीवरून कणीक आणि कणकेवरून टिनातली बोटं अशी चार रूपांतरं आहेत, आणि एकाही ठिकाणी किलो भेटत नाही. भाचा दिवाळीलाही आला होता. त्याने हे सगळं वहीत टिपून घेतलं आणि नंतर म्हणाला की याला अल्गोरिदम म्हणतात. मोठ्याई म्हणाली, "म्हनत असन बाप्पा."

पण पुणेकरच तो. त्याने हार मानली नाही. जाण्याआधी मामाजींच्या लग्नातली वाटी त्याने रीतसर काट्यावर चढवली. तांदळाचं पीठ काठाबरोबर: ११५ ग्रॅम. शीग लावून: १४५. मग त्याने मोठ्याईलाच भरायला सांगितलं, तर १५२. "पाहुणे आले आहेत असं समजून भर," म्हणाला. तिने त्याच वाटीत पुन्हा भरली: १६८. त्याने डोळे विस्फारून विचारलं की वाटी तीच, पीठ तेच, मग सोळा ग्रॅम कुठून आले. ती म्हणाली, "तूच तं म्हनलं ना पाहुने आले म्हून."

या सगळ्याचा त्याने मोबाइलवर एक तक्ता केला. एका रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात वाट्या, तिसऱ्यात ग्रॅम, चौथ्यात पाणी. सांबारवडीचं बेसन, चकोल्यांची कणीक, भाकरीचं पीठ, सगळं ओळीने. पाण्याच्या रकान्यात मोठ्याई जे सांगेल ते त्याने इमानदारीने लिहिलं: "लागन तेवढं", "लागन तेवढं", "आधी थोडं, मंग लागन तेवढं". शेवटी बेरीज मारली. वाट्यांची आणि ग्रॅमची आली, चौथ्या रकान्यात चूक दाखवणारी खूण आली.

तक्ता त्याने घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. पहिल्या मिनिटात तीन अंगठे आणि एक सुप्रभात आलं. दुपारनंतर खरी चर्चा सुरू झाली. गडचिरोलीच्या काकूंनी लिहिलं की आमची वाटी यापेक्षा मोठी आहे, तेव्हा आकडे आमच्यासाठी वेगळे द्यावेत. नागपूरच्या वहिनींनी त्यांच्या वाटीचा फोटो टाकला, शेजारी अंदाज यावा म्हणून काडेपेटी ठेवून. कोणीतरी विचारलं, काडेपेटी मोठी की लहान. ब्रह्मपुरीच्या मामींनी सगळा तक्ता नीट वाचला, एवढंच नव्हे तर ११५ आणि १४५ मधला फरकही काढला, आणि लिहिलं, "हे काठाबरोबरचं माप कायले टाकलं? तसं कोन देते?"

त्यावर भाच्याने काठाबरोबरची ओळ काढून टाकली.